बेलेम ते फ्रुतिलार : प्रसिद्धी उतरवून ठेवण्याचा एक प्रयोग

ब्राझीलच्या उत्तरेला, ॲमेझॉनच्या मुखाजवळ वसलेल्या बेलेम शहरातून निघायचे आणि चिलीच्या दक्षिण भागातील, यांकीव्हे तलावाच्या काठावरच्या फ्रुतिलार या लहानशा गावी पोहोचायचे. विमानात बसायचे नाही, जवळ मोबाईल नाही, बँकेचे कार्ड नाही, आणि खिशात दोघांत मिळून मोजकीच रोकड. एवढ्या अटींवर चार जोड्यांना सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतर कापायला लावणारे 'सेलिब्रिटी रेस अक्रॉस द वर्ल्ड'चे दुसरे पर्व बीबीसी वनवर १४ ऑगस्ट २०२४ पासून सहा भागांत प्रसारित झाले. या दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जमिनीवरून आणि पाण्यावरून जाणाऱ्याला त्याच्या अडीचपट वाट तुडवावी लागते. प्रस्तुत टिपणात या एका पर्वाचाच विचार केला आहे, कारण प्रसिद्ध माणसांना सामान्य प्रवाशांच्या नियमांत बसवताना निर्मात्यांपुढे जी अडचण उभी राहते, ती येथे फार स्पष्ट दिसते.

अडचण नेमकी कोणती, हे समजण्यासाठी मूळ कार्यक्रमाकडे पाहावे लागते. स्टुडिओ लॅम्बर्ट या संस्थेने निर्माण केलेला 'रेस अक्रॉस द वर्ल्ड' २०१९ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाला. पहिल्या पर्वात लंडनहून सिंगापूरपर्यंत, दुसऱ्यात मेक्सिको सिटीहून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला असलेल्या उशुआयापर्यंत सामान्य घरांतली माणसे जोडीजोडीने गेली. त्यांना दिलेली रक्कम आरंभस्थानापासून अंतिम ठिकाणापर्यंतच्या एकेरी विमान तिकिटाएवढी असते, आणि त्याच रकमेत प्रवास, खाणे, राहणे सगळे भागवायचे असते. पैसे संपत आले तर वाटेत काम करून मिळवता येतात. शेतावर राबावे, खानावळीत भांडी घासावीत, कुठे मजुरीच्या बदल्यात रात्रीचा निवारा आणि जेवण घ्यावे. ठरावीक चेकपॉइंटवर पोहोचल्यावर वहीत सही करायची, आपण कितवे आलो ते तिथेच कळते, सक्तीची विश्रांती घ्यायची, आणि जो आधी आला तो तितकाच आधी पुढे निघतो. यात कोडी नाहीत, उंचावरून उड्या मारणे नाही, प्रेक्षकांनी मते देऊन कोणाला घरी पाठवणेही नाही. जो काही ताण निर्माण होतो तो वेळ, पैसा आणि झोप या तीन गोष्टींच्या देवाणघेवाणीतून होतो. रात्रीची बस घेतली तर खोलीचे भाडे वाचते पण अंग मोडते. टॅक्सी घेतली तर वेळ वाचतो पण पुढच्या आठवड्याची भाकरी जाते. काम केले तर पैसा येतो आणि दिवस जातो.

या रचनेचा कणा म्हणजे प्रवाशाचे निनावी असणे. अनोळखी माणसाने मदत केली तर ती माणुसकी म्हणून केली, असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. एखादा नट किंवा गायक रस्त्यात हात करून उभा राहिला आणि त्याला ओळखून कोणी गाडी थांबवली, तर सारा खेळच मोडला. शिवाय ज्याच्याकडे घरी गेल्यावर पैशाची ददात नाही, त्याने महिनाभर काटकसर करण्यात कसली कसोटी, हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. सामान्यांच्या पर्वात विजेत्या जोडीला वीस हजार पौंड मिळतात. सेलिब्रिटी पर्वात असे रोख बक्षीस नाही. म्हणजे हरण्याची भीती काढून घेतली आणि जिंकण्याचा मोहही काढून घेतला. मग उरले काय?

निर्मात्यांनी याला दिलेले पहिले उत्तर भूगोलाचे होते. २०२३ मध्ये झालेले पहिले सेलिब्रिटी पर्व मोरोक्कोतील मराकेशहून नॉर्वेतील ट्रोम्सोपर्यंत, युरोप खंड उभा छेदत गेले होते. युरोपात ब्रिटिश पर्यटकांची गर्दी असते, तिथे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरचा चेहरा ओळखला जाण्याचा संभव कोणत्याही बसस्थानकावर असतो. दुसऱ्या पर्वाने ती शक्यता बरीच आटोक्यात आणली. बेलेममध्ये पोर्तुगीज बोलली जाते. ब्राझीलच्या सीमेपलीकडे गेले की स्पॅनिश सुरू होते. इंग्रजीवर विसंबून राहण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक देशाला ब्राझीलची सीमा भिडते, अपवाद फक्त इक्वेडोर आणि चिली यांचा, आणि शेवट नेमका चिलीतच. त्यामुळे मधला किमान एक देश ओलांडणे, भाषा बदलणे, चलन बदलणे आणि अखेरीस अँडीज पर्वतरांग पार करणे हे कोणत्याच जोडीला चुकवता येणार नव्हते.

या प्रदेशात रेल्वेने प्रवास करणे ही गोष्ट भारतीय वाचकाला वाटते तितकी साधी नाही. ब्राझीलसारख्या खंडप्राय देशात लांब पल्ल्याच्या नियमित प्रवासी गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच उरल्या आहेत. काराजासच्या खाणींकडून सांव लुईसकडे जाणारी आणि व्हितोरियाला मिनास जेराइसशी जोडणारी, या दोन गाड्या सोडल्या तर नाव घ्यावे असे फारसे काही हाती लागत नाही. उत्तरेकडे नदीवरच्या बोटी आहेत, ज्यांत उतारू आपापली झोळी टांगून झोपतात. बाकी सगळा भार बसगाड्यांवर. त्या गाड्या आरामशीर असतात, अंतरे मात्र आपल्या मुंबई-नागपूर प्रवासाला शेजारच्या गल्लीत जाऊन आल्यासारखे भासवतील अशी. चोवीस तास एका आसनावर बसून राहण्याची सवय असलेला माणूस या शर्यतीत अर्धी बाजी मारतो, असे मला वाटते.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. बेलेमच्या बाजारात उभ्या राहिलेल्या इंग्रज जोडीपेक्षा एखाद्या मराठी किंवा कोकणी जोडीच्या गाठीशी पहिल्याच दिवशी चार शब्द जास्त असते. पाव, बटाटा, चावी हे शब्द पोर्तुगीजांनीच आपल्याकडे सोडले. 'पगार' हा आपला महिनाअखेरीचा जिव्हाळ्याचा शब्द म्हणजे पोर्तुगीजांचे 'देणे चुकवणे' हे क्रियापद. आणि काजू तर झाड, फळ आणि नावासकट ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याकडूनच गोव्यात आणि तिथून कोकणात आला. असो.

आता माणसांकडे येऊ. स्कॉट मिल्स त्या वेळी बीबीसी रेडिओ २ वरचे निवेदक होते. त्याआधी १९९८ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी रेडिओ १ वर काढला होता. त्यांचे जोडीदार सॅम व्हॉन त्यांच्यासोबत होते. शर्यतीच्या काळात या दोघांचा विवाह ठरलेला होता आणि जून २०२४ मध्ये, म्हणजे कार्यक्रम प्रसारित होण्याच्या दोन महिने आधी, बार्सिलोनात तो झाला. कोला बोकिनी हे 'टेड लासो' या अमेरिकी मालिकेत फुटबॉल संघाचा कर्णधार रंगवणारे नट. त्यांच्याबरोबर नात्यातली बहीण मेरी एलन. मॉडेल, अभिनेत्री आणि रेडिओ निवेदिका केली ब्रूक यांच्यासोबत त्यांचे पती जेरेमी परीसी. आणि चौथी जोडी दूरचित्रवाणी निवेदक जेफ ब्रेझियर व त्यांचा धाकटा मुलगा फ्रेडी यांची.

ही यादी वरवर पाहिली तर प्रसिद्धीचे वजन प्रत्येक जोडीत एकाच पारड्यात आहे. दुसरा माणूस नवरा आहे, बहीण आहे, मुलगा आहे. त्याने स्वतःच्या बळावर मोठे नाव मिळवलेले नाही, किंवा मिळवले असले तरी पहिल्याच्या तुलनेत फार कमी. निर्मात्यांचे दुसरे उत्तर येथे दडलेले आहे आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे. दोन प्रसिद्ध मित्र एकत्र पाठवले असते, तर दोघांनीही महिनाभर आपापली जनमानसातली प्रतिमा सांभाळली असती. सोबत घरचे माणूस असले की ते शक्य होत नाही, कारण घरच्या माणसाला ती प्रतिमा कधीच खरी वाटलेली नसते. भूक लागली, बस चुकली, नकाशा उलटा धरला गेला, की जो वाद होतो तो निवेदक आणि जोडीदार यांचा नसतो, तो त्यांच्या स्वयंपाकघरातला जुना वाद असतो.

स्कॉट मिल्स यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. ज्या माणसाची सगळी कमाई आवाजाची आणि बोलण्याच्या हजरजबाबीपणाची, त्याला अशा मुलखात सोडले की जिथे त्याचे बोलणे कोणाला कळत नाही. ब्रिटनमध्ये लाखो घरांत ओळखीचा असलेला आवाज ब्राझीलच्या एखाद्या तिकीट खिडकीवर निव्वळ परकी बडबड ठरतो. नटाची गोष्ट जरा वेगळी. 'टेड लासो' ही मालिका ॲपलच्या सेवेवरून जगभर पोहोचलेली, विषय फुटबॉलचा, आणि देश ब्राझील. चौघा प्रसिद्धांपैकी दक्षिण अमेरिकेत ओळखला जाण्याची शक्यता ज्यांच्याबाबत सर्वाधिक होती ते बोकिनीच, आणि निर्मात्यांच्या भौगोलिक उत्तराला हीच एक फट राहिली होती. उलट केली ब्रूक यांच्या जोडीचे बळ प्रसिद्धीत नव्हते, भाषेत होते. परीसी इटालियन-फ्रेंच, इटालियन कानाला स्पॅनिशचा अर्थ बराचसा लागतो आणि पोर्तुगीजचाही थोडाफार. कागदावर पाहता ही जोडी सगळ्यांत पुढे असायला हवी होती. तरीही फ्रुतिलारला पहिले पोहोचले ते मिल्स आणि व्हॉन.

हा निकाल मला अनपेक्षित वाटला नाही, पण त्याचे कारण केवळ नशीब किंवा केवळ हुशारी म्हणून सांगणेही पुरेसे वाटत नाही. लांब पल्ल्याच्या अशा प्रवासात भाषेचा उपयोग तिकीट काढताना, रस्ता विचारताना, भाव करताना होतो. परंतु निर्णय घ्यायचा असतो तो दोघांनी, आपल्याच भाषेत, थकलेले असताना. एका बसला नकार देऊन दुसरीची वाट पाहायची की आहे त्यात बसायचे, हा प्रश्न दिवसातून चारदा उभा राहतो. जे एकमेकांचा चुकलेला निर्णय पुढच्या स्थानकापर्यंत उगाळत बसत नाहीत, त्यांचा वेळ वाचतो.

जेफ आणि फ्रेडी ब्रेझियर यांच्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, आणि भारतीय वाचकाने तर ते वाचायलाच हवे. फ्रेडीची आई म्हणजे ब्रिटनमधल्या 'बिग ब्रदर' या रिॲलिटी शोमधून प्रसिद्ध झालेल्या जेड गुडी. हे नाव आपल्याकडे ज्यांना आठवते त्यांना ते जानेवारी २००७ मुळे आठवते. ब्रिटनमधल्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'च्या घरात शिल्पा शेट्टी यांना गुडी आणि इतर काहींनी ज्या भाषेत हिणवले, त्यावरून वंशद्वेषाचा मोठा गदारोळ उठला. ऑफकॉम या नियामक संस्थेकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, आणि अखेर शिल्पा शेट्टी त्या पर्वाच्या विजेत्या ठरल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, शिल्पा शेट्टी सूत्रसंचालन करत असलेल्या हिंदी 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वात जेड गुडी स्पर्धक म्हणून भारतात आल्या. कार्यक्रमात असतानाच त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे कळले आणि त्या मायदेशी परतल्या. २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे आजारपण इतके जाहीर होते की इंग्लंडमध्ये या कर्करोगाची तपासणी करून घेणाऱ्या तरुण स्त्रियांची संख्या त्या काळात लक्षणीय वाढली. फ्रेडी तेव्हा चार वर्षांचा होता, थोरला भाऊ बॉबी त्याहून थोडा मोठा. दोघांना पुढे वडिलांनी वाढवले.

अशा मुलाच्या दृष्टीने रिॲलिटी शो हा शब्द काय अर्थाचा असेल, याची कल्पना करून पाहावी. त्याच्या आईला प्रसिद्धी एका बंद घरातल्या कॅमेऱ्यांनी दिली, बदनामी दुसऱ्या बंद घरातल्या कॅमेऱ्यांनी दिली आणि आजाराची बातमीही तिसऱ्या बंद घरात मिळाली. त्याच जातकुळीच्या कार्यक्रमात तो आता वडिलांसोबत उतरला, फरक एवढाच की या खेळात घर नव्हते. 'बिग ब्रदर' आणि त्याचे आपल्याकडचे अवतार, २०१८ पासूनच्या 'बिग बॉस मराठी'सह, माणसांना कोंडून ठेवतात, त्यांच्यात गट पडू देतात आणि भांडण हेच इंधन म्हणून वापरतात. कोण राहणार हे बाहेरची मते ठरवतात. प्रवासाच्या शर्यतीत दोन माणसांना एकमेकांवर रुसून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, कारण पुढची बस दोघांनाच पकडायची आहे, आणि बाहेरचे मतदान नसल्यामुळे कोणाची मर्जी राखायचीही गरज नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याला एकट्याने वाढवलेला बाप यांच्यात ज्या गोष्टी घरी बोलल्या जात नाहीत, त्या बोलायला हातात फोन नसलेला एक महिना ही विलक्षण सोय आहे. वडिलांना मुलाशी पुन्हा जवळीक साधायची होती आणि त्यासाठीच ते निघाले, हा या जोडीच्या सहभागाचा उघड हेतू होता. ही जोडी जिंकली नाही, पण सहा भागांचे भावनिक वजन बहुतांशी याच जोडीने उचलले, असे माझे मत आहे.

एवढे श्रेय दिल्यानंतर एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. प्रसिद्धी पुसून टाकल्याचा कार्यक्रमाचा दावा अर्धाच खरा आहे. भूगोलाने ब्रिटिश चेहऱ्याची ओळख पुसली हे मान्य. परंतु प्रत्येक जोडीच्या मागे कॅमेरा आणि ध्वनिग्राहक घेऊन माणसे चालत होती, आणि कॅमेरा हे जगातल्या कोणत्याही भाषेत वाचता येणारे ओळखपत्र आहे. ब्राझीलमधल्या ट्रकवाल्याला स्कॉट मिल्स कोण हे ठाऊक नसेल, पण ज्याच्यामागे चित्रीकरण चालले आहे तो कोणी तरी आहे, एवढे त्याला नक्की कळते. त्याने गाडी थांबवली ती माणुसकीने की कुतूहलाने, हे सांगता येत नाही. मूळ कार्यक्रमालाही हा दोष लागू आहे. किंबहुना तिथे तो अधिक खटकतो, कारण सामान्य माणूस कॅमेऱ्यामुळे महिनाभरासाठी प्रसिद्ध होतो. सेलिब्रिटी पर्वात गंमत अशी की स्वतःचे नाव गमावून बसलेल्या प्रसिद्ध माणसाला कॅमेरा एक दुसरी, निनावी प्रसिद्धी परत देतो. जॉन हॅना यांचे निवेदन मदत करणाऱ्या माणसांविषयी बोलते, छायाचित्रण करणाऱ्यांविषयी अर्थातच बोलत नाही.

पैशाच्या बाबतीतला आक्षेप मला त्या मानाने दुबळा वाटतो. श्रीमंताला काटकसर करायला लावणे हे नाटक आहे, असे म्हणणे सोपे आहे. पण या शर्यतीत पैशाची किंमत खरेदीच्या शक्तीत नसून सवयीत आहे. वर्षानुवर्षे ज्यांनी वेळ वाचवण्यासाठी पैसे मोजले, त्यांना पैसे वाचवण्यासाठी वेळ मोजायला लावले, तर हात नकळत टॅक्सीकडे जातो, आणि अशी एक टॅक्सी चार दिवसांनंतर उपाशी ठेवते. कष्टाची सवय असलेल्या सामान्य स्पर्धकाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. म्हणूनच बक्षिसाची रक्कम नसूनही चुकीला शिक्षा उरते, आणि खेळ चालतो.

तुलनेसाठी २०१६ मधले अमेरिकेतील 'द अमेझिंग रेस'चे अठ्ठाविसावे पर्व आठवावे. त्यात सर्व अकरा जोड्या समाजमाध्यमांवर नाव कमावलेल्यांच्या होत्या, आणि डॅना बोरिएलो व मॅट स्टेफानिना या नर्तक जोडीने ते जिंकून दहा लाख डॉलर मिळवले. तिथे विमाने होती, पाकिटातल्या सूचना होत्या, टप्प्याटप्प्यावर ठरवून दिलेली कामे होती आणि मागे पडणाऱ्याला घरी पाठवले जात होते. त्या रचनेत स्पर्धक प्रसिद्ध आहे की नाही याने खेळात काहीच बदलत नाही, कारण तिथे त्याला अनोळखी माणसाच्या दारात जाऊन काही मागावे लागते ते क्वचितच. ब्रिटिश रचनेत मागणे हाच खेळ आहे. ज्याच्याकडे आजवर लोकच काही मागायला येत होते, सही असो वा छायाचित्र, त्याने रस्त्यावर उभे राहून परक्या भाषेत हातवारे करून पाण्याची बाटली किंवा गाडीतली जागा मागायची.

बेलेम ते फ्रुतिलार या पर्वाने घालून दिलेली घडी पुढेही टिकली. २०२५ मधल्या तिसऱ्या सेलिब्रिटी पर्वाचा मार्ग पुन्हा लॅटिन अमेरिकेतच, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून कोलंबियाकडे आखला गेला, आणि त्यातही ब्रिटिश निवेदिका अनिता राणी आपले वडील बल यांना घेऊन निघाल्या. त्याच वर्षी सामान्य स्पर्धकांचे पाचवे पर्व मात्र चीनच्या भिंतीपासून निघून कन्याकुमारीला संपले.